जेसन ऐकत नाही

आमच्या गॅनेट बेच्या सभागृहात कोण आलं, कशासाठी आलं आणि किती जण आले, याची नोंद एका वहीत व्हायची. वही चहाच्या बंबाशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली असे. जुन्या भरलेल्या वह्या कपाटात आहेत. प्रत्येकीवर कपाचे गोल डाग आहेत आणि काही पानांवर जॅम आहे, पण आकडे वाचता येतात. मी या सभागृहाचा चिटणीस. नऊ वर्षांत त्या वह्यांबद्दल माझ्याकडे कुणाची तक्रार आली नव्हती.

मग नोव्हेंबरात कौन्सिलचं पत्र आलं. यापुढे कागद चालणार नाही, असं त्यात होतं. प्रत्येक सभागृहाने आपल्या तिमाहीचा हिशेब, म्हणजे किती कार्यक्रम झाले आणि किती माणसं आली, तो आपल्या संगणकातून कौन्सिलच्या संगणकाला कळवावा. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत ज्यांचं काही येणार नाही ती सभागृहं 'वापरात नसलेली' समजली जातील आणि विक्रीच्या यादीत जातील. यादीत गेल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलेलं होतं. किनाऱ्यावरच्या पुढच्या गावाचं सभागृह तीन वर्षांपूर्वी यादीत गेलं. आता तिथे होबार्ट शहरातला एक दंतवैद्य सुट्टीला येतो, वर्षातून अकरा दिवस. बाकीचे दिवस पडदे लावलेले असतात.

समितीच्या बैठकीत हे पत्र वाचून झाल्यावर शांतता पसरली. अशा शांततेत तू बोलायचं नाहीस, असं ग्लेनिसने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगून ठेवलं आहे. पण चौतीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढलेल्या माणसाला 'आता हे कोण करणार' असा प्रश्न ऐकून गप्प बसणं जमत नाही.

"मी वाचनालयातला वेबसाइट बनवण्याचा वर्ग केलाय," मी म्हणालो. "सहा आठवड्यांचा."

"किती दिवसांचं काम आहे?" नेव्हिलने विचारलं. नेव्हिल टब आमचा अध्यक्ष आणि माझा शेजारी. जन्मभर लाकडी बोटी बांधल्या, आता सल्ले देतो.

"एक शनिवार-रविवार."

ग्लेनिसने हे वाक्य तारीख-वारासकट इतिवृत्तात लिहून घेतलं. समितीचं इतिवृत्त तीच लिहिते. त्यात नवरा-बायकोचा काही संबंध नाही, असं तिचं म्हणणं आहे.

इथे एक खुलासा करतो. वर्ग सहा आठवड्यांचा होता, पण मी चार आठवडे गेलो. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात माझा गुडघा सुजला होता. वर्गात आम्हाला वेब फ्रेमवर्क म्हणून एक प्रकार दाखवला होता. तो म्हणजे तयार सांगाडा. आमच्याकडे घराची लाकडी चौकट आधी उभी राहते आणि मग तुम्ही भिंती, दारं, खिडक्या बसवता, त्यातलाच प्रकार. चौकट सगळं करते, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, आणि ते खरं आहे. फक्त तिच्याकडून ते कसं करून घ्यायचं हे पाचव्या आठवड्यात होतं.

कौन्सिलला माहिती हवी होती ती जेसन नावाच्या पद्धतीने लिहिलेली. जेसन ही माहिती लिहायची एक रीत आहे. महिरपी कंस काढायचा, आत रकान्याचं नाव, दोन टिंबं, पुढे त्याची किंमत, स्वल्पविराम, पुढचा रकाना, आणि शेवटी कंस बंद. एक संगणक दुसऱ्याला असा जेसन पाठवतो आणि दुसरा तसाच जेसन उत्तरादाखल परत पाठवतो. हा मजकूर माणसालाही वाचता येतो आणि यंत्रालाही, अशी त्याची ख्याती आहे. माणसाबद्दल मी खात्री देऊ शकतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी पान तयार केलं. दिसायला छान होतं. कार्यक्रमाचं नाव, तारीख, माणसं, खाली एक निळं बटण. गुरुवारच्या जेवणाला कोण येणार तेही त्यातच लिहायची सोय केली. बटण दाबलं. माझ्याच पानाने माझ्याच चौकटीला जेसन पाठवला आणि माझ्या चौकटीने मला उत्तर दिलं: चारशे पंधरा.

चारशेच्या घरातला आकडा म्हणजे चूक तुमची. हे आकडे ठरवणाऱ्यांनी दुसरी शक्यताही ठेवली आहे, पाचशेच्या घरात, तिथे चूक यंत्राची असते. माझ्या वाट्याला ती कधी आली नाही.

तीन दिवस चारशे पंधरा. चौथ्या दिवशी नेव्हिल कुंपणावरून म्हणाला, "दमट हवा आहे."

"याचा हवेशी संबंध नाही, नेव्हिल."

"बोटीत बिघाड झाला की सगळे हेच म्हणायचे. शेवटी हवाच निघायची."

त्याच दुपारी त्याने आपल्या शेडमधलं हवा कोरडी करायचं यंत्र आणून माझ्या टेबलाखाली ठेवलं. ते सुरू केल्याबरोबर घराचा फ्यूज उडाला आणि तीन दिवसांचं जे काम मी साठवलेलं नव्हतं ते गेलं. "बघ," नेव्हिल म्हणाला, "तारांमध्येसुद्धा ओल आहे."

कारण सापडलं ते साधं होतं. चौकट आलेलं पाकीट फोडण्याआधी वरचा शिक्का बघते. आत जेसन आहे असं वर लिहिलेलं नसेल तर आत जेसन असूनही ती पाकिटाला हात लावत नाही. मी वर काहीच लिहिलेलं नव्हतं. सरकारी नोकरीत मी स्वतः अशी कितीतरी पाकिटं परत पाठवली आहेत, त्यामुळे रागावण्याचा अधिकार मला नव्हता. तरी रागावलो.

दरम्यान ग्लेनिस मंगळवारी सभागृहात बोल्स हा गालिच्यावर गोळे घरंगळवायचा खेळ खेळायला जात होती आणि कुणी विचारलं तर खरं ते सांगत होती.

"क्लाइव्ह दिसत नाही हल्ली."

"जेसनशी भांडतोय."

"अजून?"

"जेसन काही ऐकतच नाही. काहीही विचारलं की चारशे काहीतरी म्हणतो."

आमच्याकडे जेसन हे माणसाचंही नाव आहे. गावात कुणालाही वाटावं तसंच सगळ्यांना वाटलं, की कौन्सिलमध्ये कुणी जेसन बसला आहे, तो आमची माहिती घेत नाहीये आणि त्याला सभागृह विकायचं आहे. नेव्हिलला हे कळलं तेव्हा अध्यक्ष म्हणून आपलं काही कर्तव्य आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. मला न विचारता तो गाडी काढून कौन्सिलच्या कचेरीत गेला आणि जेसन कुठे भेटेल असं विचारलं. त्यांनी सांगितलं, मागे, यंत्रांच्या शेडमध्ये.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. हातात टोपी, काखेत कुंडी.

"क्लाइव्ह रॅन्सली तुम्हीच का?"

"हो."

"मी जेसन."

माझी झोप पुरी होत नाहीये हे मला त्या क्षणी कळलं.

"मी कौन्सिलचं गवत कापतो," तो म्हणाला. "तुमचे अध्यक्ष येऊन गेले. माझ्यामुळे तुम्हाला फार मनस्ताप झाला म्हणे. झाड मीच कापलं. यंत्र वळवताना दिसलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही."

सभागृहामागचं हायड्रेंजियाचं फुलझाड ख्रिसमसच्या सुमाराला जमीनदोस्त झालं होतं. आम्ही सगळे रात्री झाडं कुरतडणाऱ्या पोसम या प्राण्याला दोष देत होतो. नेव्हिलने पिंजरासुद्धा लावला होता आणि त्यात स्वतःचं मांजर दोनदा पकडलं होतं.

"नेव्हिल काय म्हणाला तुला?"

"म्हणाले, मी कुणाला सरळ उत्तर देत नाही, आकडे फेकतो. ते मला नीट कळलं नाही. पण बाकीचं बरोबर होतं."

मी त्याला आत घेतलं, चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तो दुसरा जेसन माणूस नाहीच?"

"नाही."

"तरी तुम्ही त्याच्याशी बोलता."

"कामापुरता."

त्याने सभागृहामागे नवीन हायड्रेंजिया लावून दिलं, भोवती चार खुंट्या ठोकल्या आणि तेव्हापासून तिथे गवत हाताने कापतो. या सगळ्या प्रकरणात कुणा एकाच्या हातून काही धड काम झालं असेल तर ते त्याच्या.

मार्च उजाडला. माझी चौकट आता माझं ऐकत होती. राहिला प्रश्न कौन्सिलच्या संगणकाचा. त्याला माहिती पाठवली की चारशे. निव्वळ चारशे, पुढे काही नाही. म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय, काय ते तुमचं तुम्ही बघा. मी सगळे कंस तपासले, स्वल्पविराम मोजले. आठवड्याने कौन्सिलने पाठवलेला नमुना भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं की 'अटेंडन्स' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जिथे ए हवा तिथे त्यांनी ई टाकला होता. मी अर्थातच ए लिहीत होतो.

फोन लावला. कौन्सिलमधलं हे काम मिसेस फरुजिया बघतात.

"तुमच्या नमुन्यात एक स्पेलिंग चुकलंय," मी म्हणालो.

"अटेंडन्स ना? हो, चुकलंय ते."

"मी बरोबर लिहिलं तर तुमचा संगणक घेत नाही."

"नाही घेणार. चुकीचं लिहा."

"तुम्ही दुरुस्त का नाही करत?"

"चूक सभेत मंजूर झालीये, मिस्टर रॅन्सली. दुरुस्ती मंजूर व्हायला पुढची सभा जूनमध्ये आहे."

नोकरीत असताना एका खाडीच्या नावात एक अक्षर चुकलं म्हणून मी छापलेले चारशे नकाशे परत बोलावले होते. साहेब नको म्हणत होते. तोच मी, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि ए खोडून ई लिहिला. ग्लेनिस खोलीत आली तेव्हा मी संगणकाच्या पडद्यावर दुसरं काहीतरी उघडलं.

मंगळवारी, एकोणतीस मार्चला, सकाळी सव्वादहाला मी पुन्हा बटण दाबलं आणि दोनशे आले.

दोनशे म्हणजे सगळं ठीक. पाठवलेलं पोचलं. दोन महिने चारशेच्या घरात राहिलेल्या माणसाला हा आकडा बघून काय वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मी उठून उभा राहिलो. मग कुणीतरी ऐकायला हवं म्हणून सभागृहात फोन लावला. ग्लेनिस तिथे गुरुवारच्या जेवणाची तयारी करत होती. दर गुरुवारी सभागृहात जेवण असतंच, पण आमच्याकडे मार्चात शरद ऋतू लागतो आणि तेव्हाचं हे मोठं जेवण वर्षातून एकदाच. चाळीस-बेचाळीस माणसं येतात, भोपळ्याचं सूप, पाव आणि शेवटी लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे.

"ग्लेनिस, दोनशे आले."

"दोनशे?"

"दोनशे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"नक्की ना, क्लाइव्ह?"

"तुला अजून माझा भरवसा वाटत नाही," मी म्हणालो, आणि जरा दुखावल्यासारखा फोन ठेवला.

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. जेवणाला किती माणसं येणार हा आकडा या वर्षी प्रथमच माझ्या पानावरून येणार होता आणि स्वयंपाकघर त्याचीच वाट बघत होतं. स्वयंपाकघराची सूत्रं नोलाकडे असतात. नोला त्रेगेन्झा, वय त्र्याऐंशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, एक्स्चेंज बंद होईपर्यंत. नवरा गेल्यापासून गुरुवार सोडला तर त्या कुणाबरोबर जेवत नाहीत.

"क्लाइव्ह म्हणतो दोनशे," ग्लेनिसने त्यांना सांगितलं.

"दोनशे कुठून आणले त्याने?"

"संगणकावरून."

नोलांनी थोडा विचार केला. "मग भोपळे कमी पडतील," त्या म्हणाल्या.

बुधवारी दिवसभर आमच्या रस्त्यावरून भोपळे जात होते. हातगाडीतून, गाडीच्या टपावरून, एक तर मुलाच्या जुन्या बाबागाडीतून. मी खिडकीतून पाहिलं, पण मला शेतीत फारसा रस नाही. लोक मला पाहून हात करत होते आणि मला वाटलं, बातमी पसरली. नेव्हिल दुपारी आपला सदतीस किलोचा भोपळा घेऊन गेला. तो त्याने ईस्टरच्या प्रदर्शनासाठी वाढवला होता, त्याच्यावर ताडपत्रीचं छप्पर होतं. मी हात केला. त्याने वर पाहिलं नाही.

गुरुवारी अकराला मी टाय लावून, संगणक काखेत घेऊन सभागृहात गेलो. कुणी दोन शब्द बोलायला सांगितले तर असावेत म्हणून एक चिठ्ठी खिशात होती. आत सहा मोठी पातेली होती. त्यातली दोन अग्निशमन दलाची. टेबलांवर लॅमिंग्टनचे डोंगर. ग्लेनिसच्या कपाळावर भोपळा लागलेला होता.

"किती वाजता येणार आहेत ते?" तिने विचारलं.

"कोण?"

"दोनशे."

मी तिला सांगितलं. दोनशे ही माणसं नव्हेत. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ, सगळं ठीक आहे. जेवणाला बेचाळीस येणार आहेत.

ग्लेनिसने हातातला डाव खाली ठेवला. नेव्हिल पातेल्याकडे बघत होता, त्याच्या भोपळ्याच्या दिशेने.

"मग 'सगळं ठीक आहे' म्हणायचं होतंस," ग्लेनिस म्हणाली.

तेवढ्यात कौन्सिलच्या मिसेस फरुजिया आत आल्या. अंगात कोट, हातात पाकीट. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि माफी मागितली. सभागृह विक्रीच्या यादीत टाकत असल्याची ती नोटीस होती, आजची तारीख घातलेली.

"आम्ही पाठवलंय," मी म्हणालो. "मंगळवारीच. दोनशे आले."

"कोण दोनशे?"

"आकडा. तुमच्या संगणकाचं उत्तर."

"आमच्याकडे काहीच नोंद नाही. मी निघताना पाहिलं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे म्हणा."

मी संगणक उघडला. खिडकीशेजारच्या टेबलाजवळ विजेची जागा होती तिथे बसलो. माझ्यामुळे ही इमारत जाणार, हे मी पहिल्यांदा नीट मनात आणलं. कोपऱ्यात गालिचा गुंडाळून ठेवला होता, बोल्सचे गोळे खोक्यात होते, आणि त्याच्या बाजूला नोला ॲप्रनला हात पुसत उभ्या होत्या.

"सरक, राजा," त्या म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. गळ्यात त्यांचं भिंग असतं. "दोनशे म्हणजे काय, ते मला सांग."

"निरोप पोचला."

"पलीकडचा काय म्हणाला?"

"दोनशे म्हणाला."

"ते तर लाइन लागली एवढंच झालं. लाइन लागल्यावर पलीकडचा माणूस काय बोलला ते ऐकलंस का तू?"

उत्तराच्या वर आकडा असतो आणि खाली मजकूर असतो. दोनशे बघितल्यावर मी मजकूर उघडलाच नव्हता. आता उघडला. तीन ओळींचा जेसन होता. नोलांनी भिंग धरून मोठ्याने वाचला. "स्वीकारलं: नाही. कारण: उपस्थितीच्या रकान्यात संख्या नाही."

"संख्या आहे," मी म्हणालो. "हे बघा. बारा. सव्वीस. एकोणीस. सगळीकडे आहे."

नोलांनी मी पाठवलेला मजकूर भिंगाखाली घेतला आणि बराच वेळ पाहिला. "हे बाराच्या दोन्ही बाजूंना काय लावलंयस?"

"अवतरणचिन्हं."

"का? बारा असं कोण म्हणालं?"

मिसेस फरुजिया आमच्या मागे येऊन वाकल्या. "अरे हो," त्या म्हणाल्या. "अवतरणात असलं की तो शब्द होतो. संख्या नाही राहत. निम्म्या सभागृहांचं हेच झालंय."

पानावरच्या चौकोनात टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणून येतं आणि त्याची संख्या आपण करून घ्यायची असते. ते मी करून न घेता तसंच पुढे धाडलं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती करून बटणाकडे बोट नेलं तेव्हा मिसेस फरुजियांनी थांबवलं.

"आजचं जेवणही याच तिमाहीत येतं. गरम अन्नाचा परवाना दिलाय तुम्हाला. ते होऊ द्या, माणसं मोजा, मग एकदमच पाठवा. एकदा स्वीकारलं की त्यात बदल करता येत नाही."

नोलांनी पातेल्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोनकडे. "बेचाळीस जणांना हे सूप जूनपर्यंत पुरेल," त्या म्हणाल्या आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या.

त्यांना वही लागली नाही. गावातले नंबर त्यांना पाठ आहेत, काही तर माणसं गेली तरी पाठ आहेत. प्रत्येक फोन तेवढाच लहान. "नोला बोलतेय. साडेबारा, सभागृह, सूप. किती येताय? बरं, ऐकू आलं ना? परत सांग बघू, काय म्हणाले मी." आणि पुढचा. कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, शेतीवर फोन गेला. डांबराच्या कामावरच्या टोळीला गेला. कौन्सिलच्या शेडमध्ये गेला, मिसेस फरुजियांच्या समोर, आणि त्यांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

साडेबारापासून माणसं येत राहिली. कालवांच्या शेतीवरचे लोक रबरी बूट बाहेर काढून नुसत्या मोज्यांनी आत आले. डांबरवाले आले ते वासासकट. जेसन आणि शेडमधले सहा जण आले. कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन उत्तरेकडे निघालेली दोन जोडपी गर्दी बघून थांबली आणि इथे काय आहे विचारता विचारता हातात वाडगे घेऊन बसली. खुर्च्या संपल्या तसे लोक गुंडाळलेल्या गालिच्यावर बसले. मी इतकी वर्षं या खोलीत बसलोय, पण तिच्या चारही भिंतींना टेकून माणसं उभी असलेली कधी पाहिली नव्हती. नेव्हिलचा भोपळा चांगला निघाला. पाच-सहा जणांनी त्याला येऊन तसं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला.

माणसं मोजायचं काम मिसेस फरुजियांनी स्वतः केलं, दोन वेळा. "एकशे त्रेचाळीस. मला धरून."

मी एकशे त्रेचाळीस लिहिले, अवतरणचिन्हांशिवाय, आणि बटण दाबलं. दोनशे आले. आता मी शहाणा झालो होतो. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर उत्तर मोठ्याने वाचलं.

"स्वीकारलं: नाही. कारण: एकतीस मार्चची उपस्थिती सभागृहाच्या मंजूर क्षमतेपेक्षा जास्त आहे. मंजूर क्षमता: ऐंशी."

सव्वादोन वाजले होते.

"ऐंशीच लिही," नेव्हिल म्हणाला. "कोणाला कळतंय."

"मला कळतंय," मिसेस फरुजिया म्हणाल्या. "मी मोजलेत. खोटं लिहिलेलं मी पुढे पाठवू शकत नाही." त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. त्या वाकून पडद्यावरचा कौन्सिलचा नमुना पुन्हा वाचत होत्या, खालपर्यंत, बारीक टाइपातला सुद्धा. एका जागी त्यांचं बोट थांबलं. 'मोजणीच्या वेळी सभागृहाच्या आत असलेल्या व्यक्ती,' असं तिथे होतं.

त्यांनी आपला वाडगा उचलला, कोटाची कॉलर वर केली आणि दाराबाहेर जाऊन हिरवळीवर उभ्या राहिल्या.

प्रथम जेसन उठला. मग शेडमधले सगळे, मग कालवांवरचे, आपापले बूट शोधत. डांबरवाल्यांनी जाताना पावाची टोपली बरोबर नेली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, ढकलाढकली झाली नाही. कॅराव्हॅनवाल्यांना काही कळलं नसावं, पण तेही उठले. बाहेर समुद्रावरून दक्षिणेचा वारा सुटला होता आणि साठ माणसं वाडगे छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून सूप पीत उभी होती. आत म्हातारी माणसं राहिली, लहान मुलांच्या आया राहिल्या, ज्यांच्या गुडघ्यांना वारा सोसत नाही ते राहिले.

मिसेस फरुजियांनी दारातून डोकं आत घालून मोजलं. ओठ हलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "एक्क्याऐंशी."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नोला खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागल्या. ग्लेनिसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी संगणक उचलला. वायर खिडकीतून बाहेर काढली, ती जेमतेम पुरली. पायरीवर बसलो, संगणक मांडीवर घेतला आणि सभागृहाचा चिटणीस या नात्याने सभागृहाच्या बाहेरून ऐंशी लिहिले. बोटं गारठली होती, तरी कंस दोनदा तपासले. दाबलं.

हिरवळीवरचे सगळे जवळ सरकले. मिसेस फरुजिया माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी वरचा आकडा वाचलाच नाही. सरळ खाली गेलो आणि एकेक ओळ वाचली, टिंबांसकट.

"स्वीकारलं: हो. कारण: रिकामं. सूचना: रिकामं."

"संपलं?" जेसनने विचारलं.

"कंस बंद," मी म्हणालो.

मिसेस फरुजियांनी माझ्या खिशातून डोकावणारी नोटीस हळूच काढून घेतली, चार घड्या केल्या आणि कोटाच्या खिशात टाकली. मग रिकामा वाडगा घेऊन त्या पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, कारण आता मोजणी झालेली होती. त्यांच्यामागून बाकीचेही एकेक करत आत जायला लागले. जागा होती तेवढी, खांद्याला खांदा लावून. आतून खुर्च्या सरकल्याचे आणि बोलण्याचे आवाज येऊ लागले, आणि त्यात नोलांचा आवाज, कुणाला तरी पुन्हा वाढू का विचारणारा.

मी पायरीवर वायर गुंडाळत होतो. माझ्या डोक्यावरची खिडकी उघडली आणि ग्लेनिसचा हात बाहेर आला. हातात वाडगा होता, वाफ निघत असलेला.

"घे," ती म्हणाली. "आणि आत ये. अजून दोन पातेली आहेत."